सृष्टीचा पसारा आणि देव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाला माणसं शनीची कडी बघायला येतात आणि रात्री दोनच्या चहाला प्रश्न मात्र देवाचे विचारतात. जुन्नरच्या बाजूला माळावर दुर्बीण लावताना हे मी वर्षानुवर्षं बघतोय. आमच्या ज्ञानेश्वरी वाचनाच्या गटातही तेच प्रश्न वेगळ्या तोंडांनी येतात, आणि नंतर फोनवर येतात ते वेगळेच. शेवटी एकदाचे लिहून काढले. मी कीर्तनकार नाही आणि शास्त्रज्ञही नाही. माझं मत जिथे आहे, तिथे ते माझंच समजा.

१. सृष्टीकडे बघून देवाचा विचार करायचा, म्हणजे नेमकं काय करायचं?

कुंभार समोर नसला तरी मडक्यावर त्याच्या बोटांच्या खुणा असतात. त्या खुणा बघत बसायचं, एवढंच. गीतेच्या दहाव्या अध्यायात अर्जुन हाच प्रश्न विचारतो : तुझं चिंतन मी कशाकशात करू? कृष्ण उत्तरादाखल यादीच देतो. नक्षत्रांत चंद्र, झाडांत पिंपळ, जलाशयांत समुद्र, महिन्यांत मार्गशीर्ष, माशांत मगर. फसवणाऱ्यांत मी जुगार आहे, असंही त्यात आहे, आणि ते ऐकून आमच्या गटात दर वेळी कुणीतरी दचकतं. यादी संपवताना तो म्हणतो की हे विस्तार संपणारे नाहीत, आणि एवढं तपशिलात जाणून तुला करायचंय काय, माझ्या एका अंशाने मी हे सगळं जग धरून आहे.

मला त्यातला क्रम आवडतो. आधी पिंपळ आणि मगर, मग ‘एक अंश’. आपण बहुतेक जण उलट करतो, आधी ‘अनंत’ म्हणून टाकतो आणि पिंपळाकडे बघायचं राहून जातं.

२. विश्व खरोखर किती मोठं आहे? कोटी-अब्ज न म्हणता सांगता येईल का?

पूर्ण टाळता येणार नाही, पण प्रयत्न करतो. चंद्रावरून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत सव्वा सेकंदात येतो, सूर्यावरून निघालेला सव्वाआठ मिनिटांत. व्याधाचा तारा साडेआठ वर्षांपूर्वीचा दिसतो, म्हणजे तिसरीतल्या मुलीला व्याध दाखवला तर ती तिच्या वयाएवढा जुना प्रकाश बघत असते. स्वाती ३७ वर्षांपूर्वीची. आणि कार्तिक-मार्गशीर्षात, काळोख्या रात्री डोक्यावरून जरा उत्तरेला एक पुसट डाग दिसतो, ती देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा एक प्रचंड समूह. तो प्रकाश निघाला तेव्हा आजच्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता. २५ लाख वर्षं झाली त्याला. दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी दिसतो तो.

दुसरं एक माप घ्या. हात लांब करून बोटाच्या टोकावर रव्याचा एक कण धरा. आकाशाचा जेवढा तुकडा त्या कणाआड जातो, साधारण तेवढ्याच तुकड्याकडे अवकाशातली हबल दुर्बीण डिसेंबर १९९५ मध्ये दहा दिवस टक लावून होती. जमिनीवरून बघितलं तर तिथे जवळजवळ काही नव्हतं. छायाचित्रात सुमारे ३,००० दीर्घिका निघाल्या. एकेका दीर्घिकेत अब्जावधी तारे. (आलेच अब्ज.)

३. एवढ्या मोठ्या विश्वाच्या मालकाला माझ्या आईच्या आजारपणाचं काय पडलेलं असणार?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या सर्वांत जास्त, आणि कुणीही तो सहज म्हणून विचारत नाही. बहुतेक वेळा गाडीकडे जाताना, एकटं गाठून विचारतात.

यावर दोन प्रामाणिक उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. आइन्स्टाइनने १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रब्बींच्या तारेला उत्तर देताना सांगितलं होतं की आपण स्पिनोझा या तत्त्वज्ञाचा देव मानतो, जो सृष्टीच्या सुसंगतीतून प्रकटतो. माणसांच्या नशिबात आणि कारभारात लक्ष घालणारा देव मानत नाही. म्हणजे विश्व जेवढं मोठं आणि नियमबद्ध, तेवढा देव आपल्या घरगुती गोष्टींपासून लांब.

आपल्या संतांनी नेमकं उलट टोक धरलं. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल जात्याला हात लावतो, शेण वेचतो. सावता माळ्यांना कांदा-मुळा-भाजीतच विठाई दिसली. तुकोबा एकाच ओळीत स्वतःला अणूहून लहान आणि आकाशाएवढा म्हणतात. त्यांना मोठेपण आणि जवळीक यांत भांडण दिसलंच नाही.

माझं मत विचाराल तर, ‘जेवढा मोठा तेवढा बेपर्वा’ हा आपला कचेरीतला अनुभव आहे. साहेब मोठा झाला की त्याला वेळ नसतो, कारण वेळ मोजकाच असतो आणि फायली फार. ज्याला अनंत म्हणायचं त्याच्याकडे वेळ कमी पडेल हे कसं? तेव्हा आकारावरून देवाची बेपर्वाई सिद्ध होत नाही. आणि काळजीही सिद्ध होत नाही, हेही तितकंच खरं. तारे बघून आईच्या रिपोर्टचं उत्तर मिळत नाही. एका बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “ते माहितीय हो मला. तासभर रिपोर्ट आठवला नाही, म्हणून विचारलं.”

४. तारे ठीक आहेत. किडे-मुंग्यांत देव कसा शोधायचा?

तिथेच जास्त सापडतो, असं मी म्हणेन. मोठेपणाला एक मर्यादा असते : काही आकड्यांनंतर मन बधिर होतं. २५ लाख प्रकाशवर्षं आणि २५० लाख प्रकाशवर्षं ऐकताना पोटात सारखाच गोळा येतो. विविधतेचं तसं होत नाही.

भुंगेऱ्यांचं घ्या. नाव दिलेल्या भुंगेऱ्यांच्या जाती जवळपास ४ लाख आहेत. प्राण्यांच्या आपल्याला ठाऊक असलेल्या दर चार जातींत एक भुंगेरा. सृष्टी बघून तुम्हाला तिच्या कर्त्याबद्दल काय कळलं, असं कुणी विचारल्यावर जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन म्हणाले, त्याला भुंगेऱ्यांचं भारी वेड दिसतंय, अशी गोष्ट सांगतात. हाल्डेन पक्के नास्तिक. शेवटची वर्षं त्यांनी भारतात काढली आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. गोष्ट थट्टेची आहे, पण मला ती दहाव्या अध्यायाच्या फार जवळची वाटते. काम भागवायला दहा जाती पुरल्या असत्या. चार लाख कशाला?

कास पठारावर भाद्रपदात जी निळी-जांभळी फुलं सबंध पठारभर पसरतात, त्यांना सीतेची आसवं म्हणतात. काय सुंदर नाव! त्या नाजूक फुलाच्या मुळाशी, ओल्या मातीत, टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पाण्यातला बारीक जीव पिशवीच्या तोंडाशी आला की डोळा लवायच्या आत तो आत ओढला जातो आणि पचवला जातो. कातळावरच्या वीतभर मातीत कस नाही, म्हणून झाडाने शोधलेली ही तोड. वर आसवं, खाली शिकार. देवाचा स्वभाव सृष्टीवरून ठरवायला निघालात तर हे दोन्ही धरावं लागतं. (खालच्या भागाबद्दल प्रश्न ७ पाहा.)

५. उंबराचं फूल कुणालाच दिसत नाही म्हणतात. ते देवाच्या खुणेचं आहे का?

बरेच दिवस न दिसलेल्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. फूल खरं तर तुम्ही शंभरदा पाहिलंय, फक्त ओळखलं नाही. आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो, ती फुलांनी आतून भरलेली बंद पिशवी आहे. कोवळं उंबर आडवं कापा. आतल्या भिंतीला लागून शेकडो बारीक फुलं दाटीवाटीने बसलेली दिसतील, भरतकामाच्या उलट्या बाजूसारखी.

पिशवी बंद, तर पराग आत जाणार कसे? त्यासाठी चिलटाएवढी एक माशी आहे, गांधीलमाशीच्या नात्यातली. मादी उंबराच्या टोकाच्या खवल्यांतून अंग घासत आत शिरते. शिरताना पंख बहुधा तुटतात, म्हणजे परतीचा प्रश्नच मिटतो. अंगावरचे पराग फुलांना लागतात, काही फुलांत ती अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आंधळ्यासारखे, बिनपंखी. ते माद्यांशी संग करतात, उंबराच्या भिंतीला भोक पाडतात आणि बहुतेक करून आतच संपतात. माद्या त्या भोकातून पराग घेऊन उडतात. दिवस-दोन दिवसांचं आयुष्य, त्यात दुसरं उंबराचंच झाड गाठायचं. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी.

त्या नराचं सगळं विश्व म्हणजे एक उंबर. त्याला झाड ठाऊक नाही, आणि झाडाखाली दत्ताच्या पादुका आहेत हे तर नाहीच नाही. भागवताच्या दहाव्या स्कंधात अक्रूर देवाची स्तुती करताना हीच उपमा देतो : उंबरात जशी चिलटं, तसे तुझ्यात हे सगळे लोक आणि जीव. सूक्ष्मदर्शक नसताना कुणीतरी उंबर फोडून, आत बघून, मग देवाबद्दल बोललं. त्या क्रमाबद्दल प्रश्न १ मध्ये लिहिलंय.

खूण आहे का? मला वाटते. तुम्हाला वाटावी असा आग्रह नाही.

६. एवढी अचूक रचना आहे म्हणजे कुणीतरी रचलेली असणारच ना?

इथे मी बऱ्याच भाविकांची निराशा करतो. हा युक्तिवाद इंग्लंडमध्ये विल्यम पेली या धर्मोपदेशकाने १८०२ मध्ये फार नेटका मांडला होता : माळावर घड्याळ सापडलं तर घड्याळजी मानावा लागतो, मग डोळ्यासारखा अवयव पाहून रचनाकार का मानू नये? तरुण डार्विनला पेली आवडायचा. पण १८५९ मध्ये त्यानेच दाखवून दिलं की पिढ्यान्‌पिढ्यांच्या बारीक फरकांतून आणि निवडीतून, कुणी आराखडा न काढताही, अशी रचना घडू शकते.

आणि रचना सगळीकडे अचूक नाही. आपल्या डोळ्यात मज्जातंतूंचं जाळं पडद्याच्या पुढच्या बाजूला आहे. ते बाहेर पडतं तिथे पडद्याला भोक, म्हणून प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका. ऑक्टोपसच्या डोळ्यात जोडणी मागून आहे, त्याला हा ठिपका नाही. देव घड्याळजी असेल तर ऑक्टोपसवर जास्त खूश दिसतो.

उत्क्रांती मानली की देव सोडावा लागतो का, हा याचा जोडप्रश्न. नाही. सोडावा लागतो तो घड्याळजी. ज्यांचा देव विश्वात मुरलेला आहे त्यांचं यात फारसं काही बिघडत नाही (प्रश्न ८).

७. सृष्टी सुंदर म्हणता. मग त्यातलं क्रौर्य कुठे ठेवायचं?

लपवायचं नाही, हे पहिलं. डार्विनने १८६० मध्ये आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलं की जिवंत सुरवंटाच्या अंगात आपली पिल्लं पोसणाऱ्या माश्या कुणा दयाळू, सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम निर्माण केल्या असतील, हे मला पटवून घेता येत नाही. वरच्या उंबरातही हे चालतं. परागांचं काम न करता नुसतीच अंडी घालून त्या कष्टाळू माशीच्या पिल्लांच्या तोंडचं पळवणाऱ्या माश्या तिथेही आहेत.

गोड गोड देवाच्या चित्रात हे बसत नाही. पण गीतेत बसतं. दहाव्या अध्यायातली देखणी यादी ऐकून अर्जुनाचं समाधान होत नाही, तो म्हणतो प्रत्यक्ष दाखव. मग अकराव्यात दिसतात त्या दाढा, आणि त्यांत शिरणारे योद्धे, दिव्यावर झेप घेणाऱ्या पतंगांसारखे. अर्जुन थरथर कापतो आणि शेवटी विनवतो की तुझं नेहमीचं रूप परत दाखव. सृष्टी बघून देव बघायचा म्हणणाऱ्याने अकरावा अध्याय गाळून दहावा वाचू नये. कॅलेंडरवरची विश्वरूपाची चित्रं मात्र तेच करतात : डोकी भरपूर, भीती कुठेच नाही.

लोणारला जाऊन आलात तर बघा. अवकाशातून आलेल्या दगडाने खडकात पाडलेलं १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, त्या क्षणी आसपास जे जिवंत होतं त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको. आणि विवराच्या उतारावर, काठावर देवळं. विष्णूने इथे लवणासुराला मारलं अशी कथा गावात सांगतात. जागा भयंकर आहे हे लोकांना दगडाची गोष्ट कळायच्या आधीच कळलेलं होतं, आणि तरी त्यांनी तिथेच देव बसवला.

याने प्रश्न सुटतो का? माझा तरी सुटलेला नाही.

८. देव सृष्टीत आहे की सृष्टीच्या बाहेर?

ऋग्वेदातलं पुरुषसूक्त म्हणतं, सगळे जीव मिळून त्याचा एक पाय, म्हणजे चौथा हिस्सा, बाकीचे तीन पलीकडे. म्हणजे दोन्ही. ज्ञानदेवांनी अमृतानुभवात याहून सोपं चित्र दिलंय : एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरावा, तसं हे आहे. वेरूळचं कैलास लेणं आठवा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात वरून खाली कोरत आणलेलं. तिथला खांब आणि तिथला हत्ती यांत फरक आहे, पण दगड एकच. ‘निर्माता’ आणि ‘निर्मिती’ असे दोन वेगळे डबे करून मराठीत विचार केला की अडखळायला होतं, याचं कारण बहुधा हेच.

९. हे सगळं आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होतं ना? ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचं वयही तेवढंच!

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. आकडा जवळ आला म्हणून आनंद झाला तर होऊ द्या, पण पुराणांतला आकडा खडक मोजून काढलेला नाही. ४३ लाख २० हजार वर्षांचं महायुग आणि त्याच्या हजारपट ब्रह्मदेवाचा दिवस, असं ते गणित आहे; आणि विश्वाचं वय म्हणून आज सांगतात त्या १,३८० कोटींशी ते जुळत नाही. जुळलं तेवढं उचलायचं आणि न जुळलेलं सोडायचं, हा देवाला प्रमाणपत्र मिळवून देण्याचा खटाटोप आहे.

त्या माणसांचं खरं धाडस वेगळंच होतं. शंभर वर्षं जगणं दुर्मीळ असताना ती कोटींत विचार करत होती. हेच अढळ ध्रुवाचं. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक घिरटी घेतो, त्यामुळे ध्रुवताराही बदलतो. आजचा ध्रुव कायमचा ध्रुव नाही. ध्रुवबाळाच्या गोष्टीला त्याने काही होत नाही; माझ्या नातीने ते ऐकून एवढंच विचारलं, “मग आता तो कुणाच्या मांडीवर बसणार?”

१०. दुसऱ्या धर्मांत हा विचार आहे का?

भरपूर. अरबीत ‘आयत’ म्हणजे कुराणातलं वचन, आणि त्याच शब्दाचा अर्थ खूण. पाऊस, रात्रंदिवस, माणसांच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण, सगळ्या आयतीच. बायबलच्या स्तोत्रांत आकाश देवाचा महिमा सांगतं. गोव्यात राहिलेले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या क्रिस्तपुराणात सृष्टीच्या उत्पत्तीची ती सगळी कथा मराठी ओव्यांत सांगितली.

११. मी नास्तिक आहे. यातलं माझ्या उपयोगाचं काही आहे?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त वाचा. ही सृष्टी कुठून आली, असं विचारत विचारत ते शेवटी म्हणतं : वरच्या आकाशातून जो हे बघतो त्यालाच ते ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. तिथे सूक्त संपतं. आमच्या आकाशदर्शनात तुमची जागा पक्की आहे. नास्तिक मंडळी दुर्बिणीपुढची रांग नीट लावतात असा माझा अनुभव आहे.

१२. उद्या दुसऱ्या ग्रहावर जीव सापडले तर आपल्या देवाचं काय?

इतर ताऱ्यांभोवतीचे पाच हजारांहून जास्त ग्रह आजवर सापडलेत. जीव अजून एकावरही नाही. सापडले तर पृथ्वी हाच केंद्रबिंदू मानणाऱ्यांना जड जाईल. अनंत कोटी ब्रह्मांडांचा नायक अशी आरोळी रोज देणाऱ्यांना जड जायचं कारण नाही, उंबराला एकच उंबर लागतं असं कुणी म्हटलेलंच नाही. फक्त ती आरोळी आपण अर्थाने देत होतो की सवयीने, हे त्या दिवशी कळेल.

१३. मुलगा विचारतो, देवाने डास कशाला केले?

“माहीत नाही” हे उत्तर आधी द्या, मग पुढचं : चावते ती फक्त मादी, अंड्यांसाठी रक्त लागतं म्हणून. नर फुलांतला मध पितात. डासांच्या साडेतीन हजारांवर जाती आहेत आणि बहुतेकांना माणसात रस नाही. मुलगा मग नक्की विचारेल की नर ओळखायचा कसा. त्याच्या मिशा झुपकेदार असतात, भिंगातून दाखवा. देवाचा प्रश्न तेवढ्यापुरता मागे पडतो; तो परत आला तर प्रश्न ७.

१४. सुरुवात कुठून करू? दुर्बीण घ्यावी लागेल का?

नको. दुर्बीण घेऊन माळ्यावर टाकलेली घरं मी पुष्कळ पाहिली. कार्तिक अमावास्येच्या आसपास गावाच्या दिव्यांपासून लांब जा, मोबाइल खिशात ठेवून वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या आणि देवयानीचा डाग शोधा. थेट बघितलं तर नाहीसा होतो, जरा बाजूला नजर ठेवली की दिसतो.

आणि वाटेत उंबर लागला तर एक कोवळं आणि एक पिकलेलं उंबर घरी आणा. पिकलेलं फोडताना खाली पांढरी ताटली धरा आणि पंखा बंद करा, नाहीतर आतली चिलटं बघायच्या आधीच उडून जातात.